सातव्या खेळाडूचा नकार

'डिप्लोमसी'च्या पटावर काही तास घालवल्यानंतर एक टप्पा हमखास येतो. सातपैकी चार-पाच जण उरलेले असतात, कोणाची निर्विवाद सरशी होण्याची चिन्हं दिसत नाहीत आणि कोणीतरी बरोबरीचा प्रस्ताव मांडतो. मतदान होतं. सगळे 'हो' म्हणतात, एक जण 'नाही' म्हणतो आणि खेळ पुढे चालू राहतो. मग अमेरिकेतल्या खेळाडूंमध्ये जुनाच वाद नव्याने पेटतो. तेहतीस कोटींहून अधिक लोकांच्या देशाचा राष्ट्राध्यक्ष बहुमताने ठरतो, तर सात जणांचा खेळ बहुमताने का थांबू नये? एकाच्या हट्टापायी बाकीच्यांनी ताटकळत का बसावं? एकमताची अट लोकशाहीविरोधी आहे, ती काढून टाका.

हा युक्तिवाद दोन गृहीतकांवर उभा आहे. एक, अमेरिकेतली राष्ट्रीय निवडणूक बहुमताने ठरते. दोन, खेळ थांबवण्यासाठी दिलेलं मत आणि सरकार निवडण्यासाठी दिलेलं मत एकाच जातीचं असतं. पहिलं गृहीतक इतिहासाला धरून नाही. दुसरं त्याहून घातक आहे, कारण ते मान्य केलं तर खेळ तर बिघडतोच, शिवाय निवडणुकीकडून आपण काय अपेक्षा करायची याचंही भान सुटतं.

आधी खेळाबद्दल. ॲलन कॅलहॅमर हार्वर्डमध्ये शिकत असताना पहिल्या महायुद्धाच्या कारणांचे अभ्यासक सिडनी फे यांच्या हाताखाली युरोपचा इतिहास शिकले आणि १९५४ मध्ये त्यांनी या खेळाला आकार दिला. प्रकाशक मिळेना, तेव्हा १९५९ मध्ये पदरचे पैसे घालून त्यांनी ५०० संच काढले. पुढे इलिनॉयमध्ये टपाल खात्यात पत्रं वाटण्याची नोकरी करणाऱ्या या माणसाचा खेळ १९६३ पासून लोक टपालानेच खेळू लागले. एकेक डाव महिनोन्महिने चाले.

पटावर १९०१ सालचा युरोप असतो आणि सात सत्ता असतात : इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान. एकूण ३४ पुरवठा केंद्रं, त्यांतली १८ ज्याच्या हाती येतील तो जिंकला. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाला कुठेच जागा नाही. सगळे आपापले हुकूम गुपचूप कागदावर लिहितात आणि ते एकाच वेळी उघडले जातात. प्रत्येक सैन्याचं बळ सारखंच असल्याने दुसऱ्याच्या पाठिंब्याशिवाय कोणालाही फार पुढे जाता येत नाही. म्हणून प्रत्येक चालीआधी बोलणी होतात, वचनं दिली जातात आणि ती पाळण्याचं बंधन कोणावरही नसतं.

बरोबरीचा नियम याच रचनेतून आला आहे. विजेता ठरण्याआधी खेळाडू आपसांतल्या संमतीने खेळ थांबवू शकतात आणि तसं झालं, तर ज्याचं निदान एक सैन्य पटावर शिल्लक आहे त्या प्रत्येकाला बरोबरीत समान वाटा मिळतो. सोळा केंद्रांच्या धन्यालाही तेवढाच आणि कोपऱ्यात एक आरमार घेऊन तग धरलेल्यालाही तेवढाच.

आता इथे बहुमत आणून पाहा. पटावर चार जण उरले आहेत. एकाकडे १६ केंद्रं आहेत, बाकीच्यांकडे ९, ५ आणि ४. पहिल्याला विजयासाठी फक्त दोन केंद्रं हवी आहेत आणि ती मिळवायला बहुधा दोन वर्षं पुरतील, म्हणजे पटावरची दोन वर्षं. बहुमताचा नियम असेल तर उरलेले तिघे हात वर करतील आणि खेळ संपेल. त्यांना त्याचं सैन्य अडवावं लागणार नाही, एकमेकांवर विश्वास टाकावा लागणार नाही, बचावाची फळी उभारावी लागणार नाही. पटावर जे जमलं नाही ते मोजणीने मिळेल. आजच्या नियमात मात्र त्या तिघांना आधी एकत्र यावं लागतं. या पटावर बचावाच्या काही रेषा अशा आहेत की, त्या नेमक्या सैन्यांनी धरल्या तर समोरचा १७ केंद्रांवर असला तरी त्याला अठरावं मिळत नाही. ती रेषा धरून दाखवली की सोळावाल्याचा 'नाही' आपोआप 'हो' होतो. त्याची संमती अशी कमवावी लागते.

दुबळ्याच्या बाजूनेही हेच खरं आहे. एका आरमाराच्या मालकाकडे विकण्यासारखं दुसरं काय असतं? त्याची चाल किरकोळ, त्याचा धाक शून्य. पण त्याची संमती लागते, म्हणून बलाढ्य सत्तांना त्याच्याशी बोलावं लागतं. तीन मतं जमली की चौथ्याची गरजच नसेल, तर त्याच्याशी बोलणी करण्याचं कारणही संपलं. ज्या खेळाचा प्राणच वाटाघाटी आहे, त्यात ही दुरुस्ती म्हणजे खेळच काढून घेणं होय.

मराठी वाचकाला हे तत्त्व नवं नाही. सामाईक जमिनीचं आपसांत वाटप करून तहसीलदाराकडे नोंद करायची असेल, तर सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. चार भावांनी बहुमत करून पाचव्याचा हिस्सा ठरवला, असं चालत नाही. पाचवा तयार नसेल तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. याला कोणी लोकशाहीविरोधी म्हणत नाही, कारण वाटप एकदाच होतं आणि ज्याचा हिस्सा जातो त्याला तो पुढल्या वर्षी परत मागता येत नाही. बरोबरीचं मत हे असंच वाटपाचं मत आहे.

आता अमेरिकेच्या निवडणुकीचं पाहू. 'देश बहुमतावर चालतो' हे वाक्य उच्चारणाऱ्यांनी १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ ही पाच सालं आठवावीत. या पाचही वेळा देशभरात सर्वाधिक मतं मिळवणारा उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला नाही, कारण निकाल थेट मतांवर नाही, तर राज्यांना वाटून दिलेल्या 'इलेक्टोरल' मतांवर ठरतो. २००० मध्ये अल गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती, पण फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी निकाल फिरला. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन साडेअठ्ठावीस लाखांहून अधिक मतांनी पुढे होत्या आणि इलेक्टोरल मतांत ३०४ विरुद्ध २२७ अशा हरल्या. वायोमिंगच्या पावणेसहा लाख लोकांना तीन इलेक्टोरल मतं आहेत, कॅलिफोर्नियाच्या सुमारे चार कोटींना ५४. भागाकार केला तर वायोमिंगच्या एका नागरिकाचं वजन कॅलिफोर्नियातल्या जवळजवळ चौघांइतकं भरतं.

कोणालाच विजयासाठी लागणारी २७० इलेक्टोरल मतं मिळाली नाहीत तर प्रतिनिधिगृह राष्ट्राध्यक्ष निवडतं आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं. १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ आणि जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४ इलेक्टोरल मतं होती. चौथ्या क्रमांकावर राहून स्पर्धेबाहेर गेलेले हेन्री क्ले यांनी आपलं वजन ॲडम्स यांच्या पारड्यात टाकलं, ॲडम्स २४ पैकी १३ राज्यांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्री केलं. डिप्लोमसीच्या पटावर शोभेल अशी ही युती अमेरिकेच्या राज्यघटनेत पूर्ण कायदेशीर होती.

संसदेच्या जागांचंही तेच. मूळचे बेळगाव जिल्ह्यातले, मराठी बोलणारे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून निवडून गेले. ज्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीने ही जागा प्रत्यक्षात ठरवली, तीत नऊ उमेदवारांमध्ये त्यांना सुमारे २८ टक्के मतं पडली होती. सर्वाधिक मतं त्यांचीच होती, म्हणून त्यांचा विजय निखालस वैध ठरतो. पण त्याला बहुमत म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत 'सर्वाधिक' पुरतं, 'निम्म्याहून अधिक' लागत नाही. मेन आणि अलास्का यांनी पसंतीक्रमाचं मतदान आणलं ते याच उणिवेवर उपाय म्हणून.

तरीही पहिल्या गृहीतकाची चूक दुय्यम आहे. अमेरिकेने उद्या थेट मतमोजणी स्वीकारली आणि बहुमताचा चोख नियम केला, तरी बरोबरीच्या मतदानाशी तिची तुलना चुकीचीच राहील. निवडणुकीने काहीही संपत नाही. राष्ट्राध्यक्षाला चार वर्षं मिळतात, प्रतिनिधिगृहाला दोन. हरलेला पक्ष पटावर राहतो, संसदेत बसतो, राज्यं चालवतो, न्यायालयात जातो आणि दोन वर्षांनी पुन्हा मतं मागतो. आज ५१ टक्क्यांनी केलेली चूक उद्याचे ५१ टक्के दुरुस्त करू शकतात, आणि बहुमताला इतका मोठा अधिकार देण्यामागचं समर्थन एवढंच आहे.

डिप्लोमसीत निवडणुकीशी जुळणारी गोष्ट शोधायचीच असेल तर ती दर शरद ऋतूत सापडते. शरदाच्या चाली झाल्या की केंद्रांची मोजणी होते. ज्याची केंद्रं वाढली तो नवं सैन्य उभारतो, ज्याची घटली त्याला एखादं काढून टाकावं लागतं. त्या हिशेबाला कोणाची संमती विचारली जात नाही. मोजणी होते, बळ बदलतं, खेळ चालू राहतो. निवडणूक हीच आहे : ठरावीक काळाने होणारी, सर्वांना बंधनकारक आणि कधीही शेवटची नसलेली मोजणी.

बरोबरीच्या मतदानाशी जुळणाऱ्या गोष्टीही अमेरिकेत आहेत, पण त्या निवडणुकीच्या कायद्यात नसून राज्यघटनेत आहेत आणि तिथे साध्या बहुमताला किंमत नाही. घटनादुरुस्ती मांडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, मंजुरीला तीन चतुर्थांश राज्यं, म्हणजे आज ५० पैकी ३८. आणि एक गोष्ट तर याही पलीकडची आहे. पाचव्या कलमानुसार कोणत्याही राज्याचा सिनेटमधला समान वाटा त्या राज्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय काढून घेता येत नाही. बाकीची ४९ राज्यं एक झाली तरी नाही. पटावरच्या एकट्या आरमाराचा नकाराधिकार आणि वायोमिंगच्या सिनेटमधल्या दोन जागा एकाच तत्त्वावर उभ्या आहेत.

राज्यघटना लागू झाली तेव्हाही हे भान ठेवलं गेलं. तेरापैकी नऊ राज्यांची मान्यता पुरेशी मानली होती, पण मान्यता देणाऱ्या राज्यांपुरतीच ती लागू होणार होती. नकार देणाऱ्याला बहुमताने ओढून आणण्याची तरतूद नव्हती. ऱ्होड आयलंड बाहेर राहिलं आणि २९ मे १७९० रोजी ३४ विरुद्ध ३२ अशा निसटत्या मतांनी आत आलं.

या वादाचं दुसरं टोकही तितकंच तपासायला हवं. राजकारणाला विटलेली माणसं म्हणतात की, निवडणुकीची भांडणंच नकोत, सगळं एकमताने व्हावं. अमेरिकेने ते करून पाहिलं आहे. राज्यघटनेआधीच्या संघराज्य करारात दुरुस्तीसाठी तेराही राज्यांची मान्यता लागे. केंद्राच्या तिजोरीत खडखडाट होता, स्वातंत्र्ययुद्धाची देणी थकली होती, म्हणून आयातीवर पाच टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव आला. १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने तो पाडला. रोजच्या कारभाराला एकमताची अट लावली की सरकार उपाशी मरतं, हा धडा त्या पिढीने घेतला आणि १७८७ मध्ये फिलाडेल्फियात नवी राज्यघटना लिहिली. पण याच कराराने उलट अनुभवही दिला होता. मेरीलँडने पश्चिमेकडच्या जमिनींचा प्रश्न सुटेपर्यंत करारावर सही करायला नकार दिला. व्हर्जिनियासारख्या मोठ्या राज्यांना त्या जमिनींवरचे हक्क सोडण्याचं मान्य करावं लागलं आणि १ मार्च १७८१ रोजी करार लागू झाला. मूळ वाटपात मेरीलँडचा नकार उपयोगी ठरला, रोजच्या कारभारात ऱ्होड आयलंडचा नकार नुकसानीचा ठरला.

महाराष्ट्रात निवडणुकीतल्या एकमताचं कौतुक 'बिनविरोध' या नावाने होतं. गाव बिनविरोध झालं की सत्कार होतात, बक्षिसं जाहीर होतात. गावात खरोखरच समजूत असेल तर आनंदच आहे. पण जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण पदांसाठी जाहीर लिलाव बोलले गेले होते. बिनविरोध करण्यासाठी प्रत्येक इच्छुकाला माघार घ्यायला लावावं लागतं आणि ज्याला उभं राहायचं आहे तो सगळ्या गावाच्या डोळ्यांवर येतो. डिप्लोमसीच्या अनेक स्पर्धांत बरोबरीचं मतदान याच कारणाने गुप्त घेतात. प्रस्ताव मंजूर की नामंजूर एवढंच जाहीर होतं, 'नाही' कोणाचा होता ते कळत नाही. कळलं तर पुढच्या चालीत त्याच्यावर सगळे तुटून पडतील. एकमताची अट आणि मताची गुप्तता या जोडीने जातात. एकाला दुसऱ्यापासून तोडलं की एकमताची जबरदस्ती होते.

निवडणूक म्हणजे शेवटचा डाव, असं मानलं की काय होतं हे अमेरिकेने सर्वाधिक किंमत मोजून पाहिलं आहे. १८६० मध्ये अब्राहम लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर, पण इलेक्टोरल मतांच्या स्पष्ट बहुमताने निवडून आले. दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या राज्यांनी हा निकाल चार वर्षांचा मानला नाही, आपल्या व्यवस्थेचा अंत मानला. २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायना फुटली. लिंकन शपथ घेईपर्यंत सात राज्यं बाहेर पडली होती. त्यानंतरच्या युद्धात सहा लाखांहून अधिक माणसं मेली.

१८७६ चं उदाहरण तर या विषयाच्या गाभ्याशी भिडतं. सॅम्युअल टिल्डन यांना देशभरात निम्म्याहून अधिक मतं होती आणि १८४ इलेक्टोरल मतं होती, एक कमी. वीस मतं वादात होती. पंधरा जणांच्या आयोगाने प्रत्येक वाद आठ विरुद्ध सात अशा फरकाने रदरफर्ड हेझ यांच्या बाजूने सोडवला आणि २ मार्च १८७७ रोजी हेझ १८५ विरुद्ध १८४ असे विजयी घोषित झाले. पडद्याआड दोन्ही पक्षांच्या नेत्यांमध्ये समझोत्याची बोलणी चालली होती. एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना इथल्या राज्य सरकारांना आधार देणारं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. समझोता करणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळाला. ज्या कृष्णवर्णीय मतदारांच्या संरक्षणासाठी ते सैन्य होतं त्यांना मात्र त्या बोलण्यांत जागा नव्हती, नकाराधिकार तर नव्हताच. लुइझियानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते, १९०४ पर्यंत १,३४२ उरले. मताधिकार कायदा यायला १९६५ साल उजाडावं लागलं. ज्यांच्या वाट्याचा फैसला होतो त्या प्रत्येकाची संमती का लागावी, या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांत आहे.

बहुमतवाल्यांच्या तक्रारीतला एक भाग मात्र खरा आहे. निव्वळ आकसाने 'नाही' म्हणणारा खेळाडू असतो. त्याला जिंकायचं नसतं, इतरांची संध्याकाळ वाया घालवायची असते. त्यावरचा उपाय त्याची संमती काढून घेणं हा नाही. उपाय घड्याळात आहे. अनेक स्पर्धांत पटावरच्या ठरावीक वर्षी किंवा ठरावीक वेळेला डाव संपेल, हे आधीच जाहीर केलेलं असतं. मुदत संपली की केंद्रांची असेल तशी मोजणी होते आणि आडमुठेपणाची धार बोथट होते.

अमेरिकेच्या राज्यघटनेनेही हाच मार्ग धरला. राष्ट्राध्यक्षपदाच्या १८०० सालच्या निवडणुकीत जेफरसन आणि बर या उमेदवारांना ७३-७३ अशी समान इलेक्टोरल मतं पडली. प्रतिनिधिगृहात ३५ फेऱ्या झाल्या, जेफरसन यांना प्रत्येक वेळी आठ राज्यं मिळाली, हवी होती नऊ. ४ मार्चची मुदत डोक्यावर होती. डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड यांनी अखेर विरोध सोडला आणि १७ फेब्रुवारी १८०१ रोजी छत्तिसाव्या फेरीत कोंडी फुटली. १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीने तर २० जानेवारीची दुपारचे बारा ही वेळच मुक्रर केली. त्या क्षणी जुन्या राष्ट्राध्यक्षाची मुदत संपते, त्याला ते मान्य असो वा नसो. ६ जानेवारी २०२१ रोजी जमावाने कॅपिटलवर हल्ला करून मोजणी थांबवली, पण दुसऱ्या दिवशीच्या पहाटे ती पूर्ण झाली आणि २० तारखेला सत्ता बदलली. चार वर्षांनी, ६ जानेवारी २०२५ रोजी, उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांनी सभागृहाच्या आसनावरून ट्रम्प यांची ३१२ आणि स्वतःची २२६ मतं जाहीर केली.

तेव्हा डिप्लोमसीच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी मुदत आधी जाहीर करावी, मत गुप्त ठेवावं आणि एकमताची अट आहे तशी राहू द्यावी. बहुमताचा आग्रह धरणाऱ्यांचा उत्साह मोलाचा आहे, तो जिथे त्याची खरी उणीव आहे तिथे खर्च व्हावा. देशभरात सर्वाधिक मतं मिळवणाऱ्यालाच आपली इलेक्टोरल मतं द्यायची, असा करार अमेरिकेतली राज्यं एकेक करून मंजूर करत आहेत. एप्रिल २०२४ मध्ये मेन त्यात सामील झालं तेव्हा करारातल्या राज्यांची इलेक्टोरल मतं २०९ झाली. करार लागू व्हायला २७० लागतात.